मौनफेरीचं मडकं

निमिषच्या हातात मडकं होतं आणि त्याला तोंड उघडायची बंदी होती. दोन्ही कल्पना त्याच्याच.

शहरातल्या माणसांना मोकळ्या हवेत आणणं हा त्याचा व्यवसाय. कंपनीने त्याला ‘अनुभव संयोजक’ असं नाव दिलं होतं. त्याचे वडील माधवराव, पेणच्या रामवाडीतले निवृत्त शिक्षक, याला ‘लोकांना फिरायला नेणं’ म्हणत आणि शेजाऱ्यांना मुलगा कंपनीत आहे एवढंच सांगत. आजची मौनफेरी जमली तर नोकरी कायम. नाही तर माधवरावांनी एका पतपेढीत शब्द टाकूनच ठेवला होता. निकाल देणाऱ्या ऋजुता मॅडम निमिषच्या पाठोपाठ चालत होत्या. त्यांच्यामागे ठाण्याच्या एका सोसायटीची माणसं, माना खाली घालून.

माहितीपत्रकात असं होतं:

पांढरे कपडे. अनवाणी पाय. खाडीकाठच्या गावातून एका रांगेत, पूर्ण मौन. शेवटी शेतावर पोपटी.

पोपटीसाठी वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरायची, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. बाकी सामान पांढऱ्या गाडीतून पुढे गेलं होतं. मडकं तेवढं निमिषने हातात घेतलं. फोटोत बरं दिसतं म्हणून.

आता गावाकडून बघू.

पोपटीला निघालेली माणसं गप्प बसत नाहीत. अर्धी गंमत वाटेतच उरकते. त्यामुळे अंगणात शेंगा निवडत बसलेल्या बायजाला समोरून जे येताना दिसलं, त्यात पोपटी कुठेच नव्हती. पुढे मडकं धरलेला पोरगा, मागे पांढऱ्या कपड्यांतली अनवाणी रांग, कुणाच्या तोंडून शब्द नाही, आणि नुकतीच एक पांढरी गाडी खाडीच्या दिशेने गेलेली. गावातला काळूराम आठवडाभर रोह्याला दवाखान्यात होता. बायजाने तोंडाला पदर लावला.

“काळूराम गेला गो,” ती शेजारणीला म्हणाली. “रोह्याची पाव्हणी परस्पर न्यायला लागलीत. आपल्याला सांगाया पण नाय आली.”

त्या गावात मयताला घरटी एक माणूस जातो आणि जाताना एक लाकूड नेतो. बोलावणं लागत नाही. माणसं भरली ताटं टाकून, गाड्या स्टँडवर लावून, हाताला येईल ते लाकूड घेऊन रांगेच्या मागे लागली.

निमिषला हे दिसलं तेव्हा त्याला भरून आलं. पोपटीला जाळ लागतो, आणि गाव न सांगता लाकडं घेऊन येत होतं. याला म्हणतात स्थानिक सहभाग. त्याने मॅडमकडे हळूच बघितलं. मॅडम फोनवर चित्रण करत होत्या.

एक म्हातारा त्याच्याजवळ आला आणि कानाशी लागला.

“मडका खांद्याव घे, भाऊ. आमच्यात हातात नाय धरत.”

इथली पद्धत असेल. निमिषने मडकं खांद्यावर घेतलं.

“आणि आता मागं बघू नको.”

निमिष पेणचाच, पण माधवरावांनी त्याला कुठल्याही मर्तिकाला कधी नेलं नव्हतं. त्या दिवशी परीक्षा तरी असे किंवा सर्दी. तेव्हा हेही त्याने पोपटीच्या खात्यात टाकलं आणि मान सरळ ठेवली. त्यामुळे पुढचं त्याला काहीच दिसलं नाही. मागे रांग गावाएवढी झाली. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. सोसायटीतल्या एका बाईंना वातावरणामुळे रडू फुटलं, ते बघून गावातले दोघे रडले, आणि त्यांना बघून उरलेली सोसायटी.

बांधाला फाटा फुटत होता. डावीकडे पोपटीचं शेत. म्हाताऱ्याने निमिषचा दंड धरून त्याला उजवीकडे वळवलं. निमिषने हरकत घ्यायला तोंड उघडलं, मॅडमचा श्वास मानेवर जाणवला, आणि मिटलं.

शेड दिसली. पत्र्याचं छप्पर, खाली लोखंडी चौकट. एवढं मात्र निमिषलाही ओळखता आलं.

माणसांनी लाकडं रचून ठेवली आणि हात झटकले. म्हाताऱ्याने चारी बाजूंना नजर टाकली.

“मयत कुठं हाय?”

निमिष गप्प. मॅडम गप्प. सोसायटी तर अगदीच गप्प, कारण जो पहिला बोलेल त्याला पोपटी नाही, असा नियम होता.

तेवढ्यात मागे कुणाचा तरी फोन वाजला.

“रंभे, पोचलो गो पोरी,” आवाज आला. “गाडीतून उतरलो तं मयत चाललेली, म्हून तसाच आलो. कोन गेलाय ता नाय समजला अजून. घरी जाऊन फोन करतो.”

सगळं गाव मागे वळलं. पिशवी हातात धरून, बगलेत एक ओंडका घेऊन काळूराम उभा होता. निमिष तेवढा वळला नाही. त्याला मागे बघू नको म्हणून सांगितलं होतं.

मग सगळेच एकदम बोलले, आणि मौनफेरी संपली. निमिषने मडकं खाली ठेवून, मिळतील तसे शब्द गोळा करून पोपटीचं सांगितलं. मयताला आणलेलं लाकूड कुणी परत घरी नेत नाही. आता या ढिगाचं करायचं काय, यावर वाद सुरू झाला, तो काळूरामने मिटवला.

“लाकडं कोनाच्या नावान आणलीव? माझ्या ना? मंग माझी हायत. चला शेताव. लावा पोपटी.”

एका मडक्याची पोपटी कमी पडली. दुसरं मडकं आलं, तिसरं आलं. काळूरामला दवाखान्याने तेलकट बंद केलं होतं. पोपटीत तेल नसतं, असं सांगून तो बसला. प्रत्येक जण त्याला आपल्या हाताने शेंगा सोलून देत होता. सोसायटीतल्या त्याच रडलेल्या बाई म्हणाल्या, “आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जाणवलं.”

ऋजुता मॅडमनी निमिषला बाजूला घेतलं. आता तो पतपेढीच्या तयारीत होता.

“कायम,” त्या म्हणाल्या. “पण दर रविवारी असंच पाहिजे. गाव, लाकडं, शेवटी ते काका जिवंत निघणं, सगळं.”

निमिषने जाऊन काळूरामला विचारलं. काळूरामने शेंग चावत विचार केला.

“दर ऐतवारी मीच कशाला? पाळी लावू. पुढल्या ऐतवारी बायजा.”

बायजाने त्याला सालं फेकून मारली. पण नाही म्हणाली नाही.

रामवाडीला फोन लावला तेव्हा माधवरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “कायम झालास, छान. पण आता काम नक्की काय करायचं?”

“मडकं घेऊन पुढे चालायचं, बाबा.”

“आणि?”

“मागे बघायचं नाही.”