टिटवीचं क्रियापद

एका जंगलात, मुलांनो, सगळं सुरळीत चाललं होतं. ते सिंहाला बघवेना. त्यानं फर्मान काढलं : यापुढं दरबारी कामकाज इंग्रजीत. स्वतः सिंहाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. फर्मान काढणाऱ्याला ते यावं लागत नाही.

गाढवानं पूर्वी दोन महिने एका साहेबाच्या तंबूचं सामान वाहिलं होतं. तेवढ्यावर ते इंग्रजीचं मास्तर झालं. कुठलीही तक्रार आधी मास्तरांपुढं मांडायची. वाक्य बरोबर असेल तर मास्तर त्यावर खूर उमटवणार. खूर उमटेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

एका दुपारी वर्गात क्रियापदांची उजळणी चालली होती. पहिल्या बाकांवर हत्ती बसले होते. तेवढ्यात टिटवी धापा टाकत आली.

“मास्तर, माळावर वणवा लागलाय! गवतात माझी चार अंडी आहेत हो! हत्तीदादांना सोडा, सोंडेनं पाणी मारतील!”

“इंग्लिशमध्ये,” गाढव म्हणालं.

“फायर! फायर!”

“याला वाक्य म्हणतात? ‘सीइंग द फायर’ अशी सुरुवात कर.”

“सीइंग द फायर, आय... आय फ्लाय...”

“फ्लाय, फ्लू, फ्लोन की फ्लाइंग? चार पर्याय आहेत. घाई नको.”

टिटवीनं हत्तींकडं पाहिलं. एकानं सोंड वर केली. तिला हायसं वाटलं.

“सर, हे परीक्षेला येणार का?” हत्तीनं विचारलं.

“फ्लोन,” टिटवी रडत म्हणाली. चूक. “फ्लाइंग.” चूक. “फ्लू!”

“शाब्बास,” म्हणत गाढवानं खूर उमटवला. हत्ती रांगेनं, शिस्तीत निघाले. माळावर पोचले तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. राखेत चार काळे गोळे तेवढे होते.

दरबारात चौकशी झाली. टिटवीनं पहिल्याच खेपेला बरोबर रूप निवडलं असतं तर अंडी वाचली असती, असं ठरलं. गाढवाला शाल मिळाली.

पुढच्या परीक्षेत गाढवानं प्रश्न घातला : ‘हॅविंग लॉस्ट हर एग्ज, द बर्ड ____.’ क्राय, क्राइंग, क्राइड की टु क्राय?

सगळ्या हत्तींचं उत्तर बरोबर आलं. टिटवीनं जागा कोरीच ठेवली. गाढवानं तिला शून्य दिलं आणि खाली शेरा मारला : विषयाची समज नाही.

तात्पर्य : आग लागली, की आधी क्रियापद वाचवावं. अंडी काय, पुढच्या वर्षीही होतात.