फोनची खोड

नवा कोरा फोन हातात आला की माणूस आधी तो चालू करतो. बिराप्पा अण्णा तो उलटा करतात, चार्जर लावायच्या भोकाला डोळा लावतात आणि मला विचारतात, "किती दाती हाय?"

औरादला बसस्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे. अण्णा आठ-नऊ किलोमीटरवरच्या वस्तीतले. त्यांच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती धरली आणि अण्णांनी उभा जन्म जनावरांच्या बाजारात काढला. देवणी बैलाचं दातांवरून वय ओळखायचं, खूर, खांदा बघायचा आणि सौदा जुळवून द्यायचा, हे त्यांचं काम. आता बैल घ्यायला येतंय कोण? तो बाजार ओसरला आणि अण्णांची पारख माझ्या डोक्यावर येऊन बसली. दसऱ्यापासून ते माझ्याकडून एक फोन घेताहेत. काल सकाळपर्यंत घेऊन झाला नव्हता.

दर बाजाराच्या दिवशी दहाच्या ठोक्याला येतात. खांद्यावर उपरणं, कानांत कापसाचे बोळे. चैत्राच्या उन्हातही बोळे. विचारलं तर म्हणतात, "वारं लागतंय." काउंटरसमोर एकच स्टूल आहे, ते त्यांचं. गिऱ्हाइकानं उभं राहायचं.

फोन कशाला पाहिजे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मंगलचा फोन येतोय सांजच्याला. मायलेकी बोलत्यात. तेवढ्यासाठी पायजे." मंगल ही त्यांची एकुलती लेक, हैदराबादच्या पलीकडे दिलेली. संक्रांतीच्या सुमाराला कळलं की तिला दिवस गेलेत. मग कळलं की डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळं बाळंतपणाला ती माहेरी येणार नाही. आईनं लेकीला जे काही सांगायचं, ते आता फोनवरूनच. म्हणजे घाई होती. आठवा लागला, तरी अण्णा आपले भोकात डोळा घालून बसलेले.

जनावरांच्या बाजाराचा एक कायदा आहे. विकणाऱ्यानं बैलाची खोड आधी बोलून दाखवायची. मारका असेल तर मारका म्हणायचं, औताला बसत असेल तर बसतो म्हणायचं. बोललेल्या खोडीवरून बैल परत येत नाही. झाकलेली निघाली, तर बैल परत दारात आणि तोंडाला काळं ते वेगळंच. दुसरा कायदा भावाचा. भाव कधी मोठ्यानं बोलायचा नाही. हातावर उपरणं टाकून आत बोटं दाबायची, म्हणजे चारचौघांना कळत नाही. हे दोन्ही कायदे अण्णांनी माझ्या दुकानात आणले. किंमत डब्यावर छापलेली असताना हा माणूस माझा हात उपरण्याखाली ओढायचा. आणि मी कॅमेऱ्याचं, बॅटरीचं कौतुक सुरू केलं की मधेच तोडायचा, "गुण कोणबी सांगतंय. खोड बोल."

हे ते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे! एका शिक्षकांच्या गळ्यात मी फोन जवळजवळ घातलाच होता, तर स्टुलावरून आवाज आला, "खोड बोलला का ह्यो?" शिक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. मला सांगावं लागलं की अंधारात फोटो बरे येत नाहीत. त्यांनी विचार करून फोन घेतला हे खरं, पण त्या पाच मिनिटांत माझं रक्त आटलं.

मी त्यांना फार स्वस्तातला किंवा फार भारीतला फोन दाखवलाच नाही. मधल्या किमतीतलेच दाखवले, आणि एकेकाला त्यांनी नापास केलं. एका फोननं त्यांचा फोटो काढला. बराच वेळ निरखून म्हणाले, "मी एवढा गोरा कवा होतो? खोटं बोलायलंय हे. बाद." दुसऱ्यावर बोट ठेवून कुलूप उघडेना. जन्मभर कासरे ओढून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. ते मी समजावलं, तर म्हणाले, "माझा बैल मला पावलावरनं वळखत व्हता. धन्याला वळखत न्हाई ते जनावर घ्यावं कामून?" तिसऱ्यावर व्हिडिओ लावून दिला आणि बाजार करून आले. परत येऊन फोन गालाला लावला. "अंग तापलंय ह्याचं. कामाचं न्हाई."

एक निळा फोन तेवढा त्यांनी तपासलाच नाही. दोष माझाच. त्याची खोड मला ठाऊक होती. तो कानाला लावला की पलीकडच्याचं बोलणं शेजारी उभ्या माणसालाही ऐकू जायचं. दोन गिऱ्हाइकांनी तेवढ्यासाठी तो परत आणून टाकला होता. बायकोचा फोन चारचौघांत घ्यायची सोय नाही, म्हणाले. ही खोड अण्णांना सांगितली असती, तर संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या औरादला कळली असती. म्हणून मी म्हटलं, "ह्याला खोडच नाही अण्णा." त्यांनी फोनला हातसुद्धा लावला नाही. "खोड न्हाई म्हणायलास, म्हंजी मोठी असंल."

पण खरा छळ आवाजाच्या परीक्षेचा. अण्णा फोन घेऊन रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जायचे, कानातले बोळे आणखी आत दाबायचे आणि मी दुकानातून फोन लावायचा. मी "हॅलो, हॅलो" म्हणालो तर तिथूनच ओरडायचे, "आसं न्हाई! बाईच्या आवाजात बोल!"

"बाईच्या आवाजात कामून, अण्णा?"

"मंगल काय तुझ्यासारखं भसाड्या आवाजात बोलती का? 'आई, जेवलीस का?' म्हण."

मग मी, दोन लेकरांचा बाप, भर दुकानात बारीक आवाज काढून "आई, जेवलीस का" म्हणायचो. शेजारचा झेरॉक्सवाला हे ऐकायला मशीन बंद करून यायचा. आणि अण्णा लिंबाखालून हात हलवायचे. ऐकू येत नाही! कापूस काढला तर येईल ना, असं मी दहा वेळा तरी सांगितलं असेल. पण ऐकेल तो बिराप्पा कसला.

मागच्या बाजाराला माझा तोल गेला. सकाळपासून चार फोन, चार वेळा "आई, जेवलीस का". पाचव्यांदा अण्णा स्टुलावरून उठायच्या आतच मी फोन काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "अण्णा, पुढच्या बाजाराला फोन घ्यायचा. नाहीतर स्टूल सोडायचं. मला प्रपंच आहे." अण्णा उपरणं झटकून उठले आणि निघून गेले.

काल बाजार होता. अण्णा आले, ते तुळजाक्कांना घेऊन. अक्कांना मी पहिल्यांदाच बघत होतो. ठेंगण्या, हसऱ्या, डोक्यावर पदर. अण्णांनी आपलं स्टूल त्यांना दिलं.

"अक्का, मंगल बरी आहे ना?" मी विचारलं.

"व्हय, व्हय," अक्का हसून म्हणाल्या.

"बाळंतपणाला कितीक दिवस राहिले?"

"व्हय की."

"पंधरा-ईस दिस," अण्णा घाईनं म्हणाले.

"चहा सांगू का, अक्का?"

अक्का माझ्या ओठांकडं टक लावून बघत होत्या. मग पुन्हा तेच गोड हसू. "व्हय, व्हय." आणि उत्तर बरोबर पडलं का, हे बघायला नवऱ्याच्या तोंडाकडं एक नजर.

माझ्या डोक्यात उजेड पडला. "अण्णा," मी म्हणालो, "अक्कांना ऐकू..."

पुढचं तोंडातच राहिलं. माझ्या हातावर उपरणं पडलं होतं आणि त्याच्याखाली अण्णांनी माझी बोटं गच्च दाबली होती. ह्यात भाव नव्हता. बोलू नको, एवढंच होतं.

ते मला बाहेर पायरीवर घेऊन गेले. "वरीस झालं," म्हणाले. "तिला वाटतंय, मला ठाव न्हाई. मीबी तसंच ऱ्हातो."

"दवाखान्यात दाखवा की. कानाची मशीन मिळते."

"बाळंतपण होऊ दे, मग नेतो. आता मंगलला कळलं तर पोरगी तिकडं घोर लावून घेती. रोज सांजच्याला तिचा फोन येतो, ही व्हय व्हय म्हणती न् ठेवती. मग भाकरी थापताना डोळं पुसती. पोरगी काय बोलली, तेच ठाव नसतंय."

"आणि हे बोळे?"

अण्णांनी एक बोळा काढून तळहातावर धरला. "घरी घालून बघितलं. किती कापूस घातला की मला तिच्याएवढंच ऐकू येतंय, त्याचा अजमास काढलाय. तेवढाच घालून येतो."

मला माझ्या मागच्या बाजारच्या बोलण्याची लाज वाटली. तरी तोंडून गेलंच, "तुम्ही तर म्हणता, खोड बोलून दाखवावी."

"इकायच्या जनावराची, बाबा. आपल्या माणसाची कोण बोलतंय?"

मी आत गेलो, कपाटामागचा निळा फोन काढला आणि म्हटलं, "अण्णा, ह्याची खोड झाकली होती मी. पलीकडचं बोलणं शेजाऱ्याला ऐकू जातं. एवढा मोठा आवाज आहे." अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की बैल असतो तर बाजारातून हाकलला गेलो असतो. दसऱ्यापासून तो फोन तिथं पडून होता.

माझं जादाचं सिम त्यात घातलं. अण्णांनी फोन अक्कांच्या हातात देऊन कानाशी धरायला लावला. मी स्वतःच उठून रस्त्यापलीकडं लिंबाखाली गेलो. बाजार भरात होता. मिरच्यावाल्या बाया, रिक्षावाले, दारात झेरॉक्सवाला, सगळे बघत होते. मी नंबर लावला आणि जमेल तितक्या बारीक, जमेल तितक्या मायेच्या आवाजात म्हणालो, "आई, जेवलीस का?"

पलीकडं काहीच नाही. मिरच्यावाल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पुन्हा म्हणालो, "आई गं, जेवलीस का?"

"जेवले की," अक्का म्हणाल्या. मग काळजीनं, "आवाज आसा कामून यायलाय गं? सर्दी झाली का तुला?"

मी दुकानाकडं बघितलं. रस्त्यापलीकडं दुकानाच्या दारात अण्णा उभे होते. त्यांनी दोन्ही कानांतले बोळे काढले आणि खिशात घातले.