मध्यंतराचा अनुमोदक

ज्या माणसाला अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू कोणाकडे आहे हेही सांगता येत नाही, त्याने त्याच खेळाच्या मध्यंतरासाठी सगळा सौदा पणाला का लावावा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले.

या माणसाचे नाव श्रीधर गजभिये. मूळचे नागपूरचे, आता इंग्लंडमधल्या मेडनहेडचे. आमच्या लहानशा सॅटेलाइट क्रीडावाहिनीसाठी परदेशी सामन्यांचे प्रक्षेपण हक्क विकत घेणे हे त्यांचे काम आणि त्यांचे करार तपासणे हे माझे. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघेच.

गजभियेसाहेब वाटाघाटी करत नाहीत; ते सभा चालवतात. तरुणपणी ते वस्तीतल्या वाचनालयाचे चिटणीस होते. तिथे सूचक आणि अनुमोदक यांच्याशिवाय साधी सतरंजीसुद्धा विकत घेतली जात नसे. तीच शिस्त त्यांनी इथे बर्कशायर परगण्यात आणली. स्पीकरफोनवर अमेरिकेतले वकील असोत किंवा किचनसाठी नवी किटली घ्यायची असो, साहेब उभे राहतात, कलम मोठ्याने वाचतात, सूचक आपण असल्याचे जाहीर करतात आणि विचारतात, "सेकंडर, प्लीज?" कोणी अनुमोदन देईपर्यंत पुढचे कलम येत नाही. डग नावाचे एक अमेरिकन वकील पहिल्या वर्षी याला फार वैतागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच्याच बाजूला तोट्यात घालणाऱ्या कलमाला अनुमोदन दिले आणि ते त्यांच्या लक्षात फोन ठेवल्यावर आले.

इथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचे गट असतात. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. टीव्हीचे हक्क एकेका कॉलेजचे नव्हे, तर अख्ख्या कॉन्फरन्सचे विकले जातात. एक नामांकित संघ हवा असेल, तर त्याची सगळी भावंडेही घरात घ्यावी लागतात. साहेबांनी मात्र यंदा अशी कॉन्फरन्स निवडली, जिच्यात नुसती भावंडेच होती. स्वस्त आहे म्हणून आमच्या प्रमुख हेलनबाईंनी मान डोलावली.

अडचण शेवटच्या कलमात आली. मध्यंतर अखंड दाखवले जाईल, असे साहेबांनी त्यात लिहिले होते. या सामन्यांच्या मध्यंतरात कॉलेजचा बँड वाजवत मैदानभर संचलन करतो. परदेशी वाहिन्या तेव्हा जाहिराती लावतात. डग म्हणाले, तेवढा वेळ चित्र पाठवायचे तर बदल्यात काहीतरी द्यावे लागेल. हेलनबाई म्हणाल्या, लोक तेव्हा चहा करायला उठतात. कलम काढून टाका.

साहेब उभेच होते. "सेकंडर, प्लीज?"

हेलनबाईंनी शांतपणे सांगितले, की कलम राहिले आणि मध्यंतरात प्रेक्षक गळाले, तर पुढच्या वर्षी या फोनपाशी दुसरे कोणीतरी बसेल.

मी मराठीत हळूच म्हणाले, "साहेब, सोडा ना. बँड कोण बघतंय?"

"ताई, मी शब्द दिलाय."

कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही. मी अनुमोदन दिले. सभाशास्त्राप्रमाणे मला तो अधिकार होता की नाही, हे मी अजून तपासलेले नाही. डगनी बदल्यात आमचे पुनःप्रक्षेपणाचे हक्क मागितले, साहेबांनी ते दिले, आणि हेलनबाई खोलीबाहेर गेल्या.

पहिला सामना शनिवारी संध्याकाळी होता. एकही सामना कधी न पाहिलेले साहेब सूट-टाय घालून प्रक्षेपणकक्षात आले आणि पहिला अर्धा भाग वर्तमानपत्र वाचत बसले. मध्यंतर झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते उभे राहिले. पडद्यावर एकसारख्या तुऱ्यांच्या टोप्या घातलेली शेकडो मुले होती. साहेबांनी ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजवणाऱ्यांच्या रांगेच्या डाव्या टोकावर बोट ठेवले.

"अश्विनी. आमची."

मग त्यांनी, कलम वाचावे तशा आवाजात, उरलेले सांगितले. मुलगी इथल्याच स्लाऊमध्ये जन्मली आणि वाढली. कायद्याचा अभ्यास सोडून ती अमेरिकेत संगीत शिकायला गेली, तेव्हा ते तिला नको ते बोलले. त्यानंतर ती फोनवर फक्त आईशी बोलायची. एका रविवारी मात्र तिने फोन बाबांना द्यायला सांगितला आणि विचारले, "बाबा, आमचा बँड तिकडे टीव्हीवर दिसते का?" साहेब म्हणाले, दिसेल. कॉन्फरन्स कोणती, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन शोधले.

आम्ही पाहत असताना रांग वळली. टोकाची मुलगी किंचित उशिरा वळली. तपासणे हाच माझा धंदा असल्याने मी ते बोलून गेले.

"नाही, ताई," पडद्यावरची नजर न काढता साहेब म्हणाले. "ती बरोबर वळली. बाकीच्यांनी घाई केली."

पुढच्या वर्षी फोनपाशी कोण बसणार, हे अजून ठरलेले नाही. प्रत्येक सामन्यात मला ती उशिराच वळताना दिसते आणि साहेब प्रत्येक वेळी तेच उत्तर देतात. हंगाम संपायला अजून काही शनिवार आहेत. वाचकांनी मध्यंतरात चहाला न उठता रांगेचे डावे टोक पाहावे आणि स्वतः खात्री करून घ्यावी, ही विनंती.