न चढणारी मात्रा

"आ कर," ओपल म्हणाली.

"नको गं, ओपलमावशी," असं टॅन्सी म्हणायला गेली, पण 'नको'तल्या 'को'ला तोंड उघडं राहिलं तेवढ्यात काचेची नळी तिच्या जिभेखाली गेलीसुद्धा.

"दोनच थेंब. लगेच गिळू नकोस, धरून ठेव. याने चढत नाही. चढली तर माझं नाव बदल! मन फक्त जागेवर येतं."

हे वाक्य त्या डोंगरी खोऱ्यात सगळ्यांना पाठ होतं. गांजा तिथे घरोघर पिकायचा. पण तो तेलात मुरवून, घेणाऱ्याला पत्ताही लागणार नाही इतक्या बारीक मात्रेत, निव्वळ आरोग्यासाठी पाजणारी ओपल एकटीच. गुडघेदुखी असो, निद्रानाश असो की घटस्फोट, दोन थेंब. घेणाऱ्याला काहीच जाणवायचं नाही, आणि मात्रा बरोबर असल्याचा हाच पुरावा, असं ओपलचं म्हणणं होतं.

टॅन्सीने तोंड मिटून मान डोलावली. ओपलची पाठ वळताच ती शोकसभा होती त्या अग्निशमन दलाच्या हॉलच्या स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी गेली, थुंकली आणि दोनदा चूळ भरली.

टॅन्सी सॅक्रामेंटोला वाहन परवान्याच्या कार्यालयात परीक्षक होती. स्टॉपच्या पाटीपाशी गाडी नुसती हळू केली, थांबवली नाही, तर ती सख्ख्या मैत्रिणीलाही नापास करत असे. गांजाच्या शेतात जन्मून तिने तो आयुष्यात कधी चाखला नव्हता. खोऱ्यात हा घराण्याला लागलेला बट्टा मानला जाई. त्यातून आज तिला बापाबद्दल चार शब्द बोलायचे होते, आणि ते स्वतःच्या पायांवर उभं राहून.

तिचा बाप वेंडेल ऐन कापणीत गेला होता. लोक हळहळले होते, पण "दोन आठवडे थांबला असता तर काय झालं असतं?" असंही म्हणाले होते. शेवटी शोकसभा हंगामानंतर ठेवली. आता कळ्या छाटून काळीकुट्ट, चिकट झालेल्या बोटांनी लोक खाण्याने भरलेली आपापली भांडी घेऊन आले होते. टेबलावर सहा प्रकारची मॅकरोनी मांडलेली होती.

बोलणार कोण, हा खरा प्रश्न होता. टॅन्सीची आई लोर्ना हिने आधीच सांगून टाकलं होतं, "मी बोलणार नाही. मला नाटकं जमत नाहीत." नवरा गेल्यापासून ती फक्त विहिरीच्या पंपाबद्दल बोलत होती. टॅन्सीही नाही बोलली, तर दलाचा प्रमुख रॉस्को बोलणार होता, आणि रॉस्को कुठल्याही विषयावर सुरू झाला की पाण्याच्या पाइपवर येऊन थांबायचा. बापाची बोळवण पाइपवर व्हावी हे टॅन्सीला मंजूर नव्हतं. 'निसर्गप्रेमी, कष्टाळू, मनमिळाऊ' असं नीटनेटकं भाषण तिने तोंडपाठ करून आणलं होतं.

अडचण एकच होती. हॉलचा नियम असा की ज्याला चढलीय त्याच्या हाती माईक द्यायचा नाही. मागे एका शोकसभेत एक गृहस्थ दिवस मावळेपर्यंत भलत्याच मेलेल्या माणसाची स्तुती करत बसले होते, तेव्हापासून रॉस्को माईक स्वतःच्या काखेत धरून बसायचा.

टॅन्सी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिची नजर फोटोवर गेली. लोर्नाने निवडलेल्या त्या फोटोत वेंडेल मोठ्या ऐटीत उभा होता आणि मागून एक शेळी त्याची टोपी खात होती. टॅन्सीला हसू आलं. आधी फिस्सकन, मग खदाखदा. आवरायला म्हणून ती खाण्याच्या टेबलाकडे वळली, तेव्हा तिला आठवलं की आपण कालपासून जेवलेलो नाही. तिने ब्लॅकबेरी भरून भाजलेल्या पायचा एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा, उभ्याउभ्या, वाढायच्या डावाने. नंतर हात धुवायला नळ सोडला आणि पाण्याकडे बघतच राहिली.

"चढली," कोणीतरी म्हणालं.

या विषयात खोऱ्यातला प्रत्येक माणूस धन्वंतरी होता.

"डोळे बघ, लालभडक."

"आधी हसली, मग खाल्लं, आता पाण्याकडे बघतेय. क्रमसुद्धा बरोबर आहे."

रॉस्को माईक काखेत घट्ट धरून, च्युइंगगम चघळत पुढे आला. "पोरी, तोंडाला कोरड पडलीय?"

"हो."

"बोलता बोलता शब्द हरवतात?"

"हो... ते... हो."

"वेळ फार संथ चाललाय असं वाटतं?"

"तीन आठवडे तसंच वाटतंय."

"तीन आठवडे!" रॉस्कोने शीळ घातली. "मिरे आणा रे! मिरे चावले की उतरते."

कोणीतरी मूठभर मिरे तिच्या तोंडात कोंबले. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि डोळे लाल असल्याबद्दल ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली.

"रॉस्को, मी शुद्धीत आहे. माईक द्या."

"मग त्या फरशीच्या रेघेवरून चालून दाखव."

टॅन्सी पावलाला पाऊल लावत टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. "फरशी तिरकी बसवलीय तुमची," ती म्हणाली. "आणि परीक्षा घेताना परीक्षकाने तोंडात च्युइंगगम ठेवायचं नसतं."

"बघितलंत? शुद्धीतला माणूस इतका सरळ चालतो होय?" रॉस्को म्हणाला. "ओपल, काय पाजलंस हिला?"

ओपल कमरेवर हात ठेवून मध्ये आली. "माझ्या मात्रेने चढत नाही! बारा वर्षांत एकाला चढलेली नाही. विचार कोणालाही."

"हे खरंय. काहीच होत नाही त्याने," मागून आवाज आला. ओपलला हे समर्थन फारसं रुचलं नाही.

"ओपलमावशी," टॅन्सी हळूच म्हणाली, "मी घेतलंच नाही. बेसिनमध्ये थुंकले."

ओपलचा चेहरा पडला. "थुंकलीस? माझं औषध आजवर कोणी थुंकलं नव्हतं."

"मी थुंकलोय," मागचा आवाज म्हणाला.

"मीपण. एकदाच," आणखी एक जण म्हणाला.

"गप बसा रे! थुंकलीस, तर मग हे काय आहे?" ओपलने टॅन्सीच्या लाल डोळ्यांकडे, हनुवटीवरच्या जांभळ्या डागाकडे, सगळ्या टॅन्सीकडेच बोट दाखवलं.

टॅन्सीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तिला ठाऊक होतं, बहुधा सगळ्यांनाच होतं. पण भर सभेत ते उच्चारण्यापेक्षा चढली म्हणवून घेणं सोपं होतं.

"थोडं गेलं असेल पोटात," ती म्हणाली.

ओपलमध्ये जीव आला. "बघा! थोडंच गेलं आणि बरोब्बर लागू पडलं. याला चढणं नाही म्हणत. आत तुंबलेलं असतं ते मोकळं होतं फक्त. औषध आहे ते, औषध! दे तो माईक, रॉस्को. औषध घेतलेल्याला कुठे मनाई आहे?"

यावर रॉस्कोकडे नियम नव्हता. त्याने माईक दिला.

टॅन्सी फोटोशेजारी उभी राहिली. "माझे वडील निसर्गप्रेमी..." आणि पुढचं काही आठवेना. लोकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. चढलेल्या माणसाला कोण घाई करणार? ती सवलत मिळताच तिचं तिलाच काय झालं कोण जाणे.

"बाबा मला गाडी शिकवायला बसला आणि झोपला," ती म्हणाली. "पहिल्याच वळणावर. मला थांबायचं कसं ते माहीत नव्हतं, म्हणून मी चालवत राहिले. पार समुद्रापर्यंत गेले. तिथे वळवली, परत आणली. दारात आल्यावर हा जागा झाला आणि म्हणाला, 'छान चालवतेस.' एक वळण पाहिलं नव्हतं त्याने! मी आता रोज लोकांना तपासते, गुण कापते. पण डोळे मिटून मला कोणी पास केलं असेल, तर त्याने. आणि आता..."

आणि आता ती रडली, नाक ओढत, माईक चालू असताना. हॉल हसत होता आणि डोळेही पुसत होता.

ती बाजूला होते न होते तोच ओपलपुढे रांग लागली. "मला दे गं ते. हिला दिलंस तेच." पहिला रॉस्को. दोन थेंब घेऊन तो माईकपाशी गेला, पाइपचा 'प'सुद्धा न काढता म्हणाला, "वेंडेलने माझी करवत नेली, ती आजतागायत दिली नाही. आता मी कोणाच्या नावाने शिव्या घालू?" आणि तोंड झाकून खाली बसला. त्याच्यामागून एकेक जण उठत गेला. मागच्या आवाजाचा मालक तर बाहेर जाऊन झाडाला मिठी मारून उभा राहिला.

ओपलने टॅन्सीला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. तिला घाम फुटला होता. "अगं, बाटली रॉस्कोपाशीच संपली! रांग बघून मला नाही म्हणवेना. सॅलडवर घालायचं तेल देतेय सगळ्यांना."

"मग?"

"मग काय मग! जोरदार लागतंय त्यांना! मात्रा कमी करू का?"

तेवढ्यात दारात लोर्ना येऊन उभी राहिली. तिने दोघींकडे पाहिलं, पुढे येऊन खुर्चीत बसली आणि आ केला.

ओपलने टॅन्सीकडे पाहिलं. टॅन्सीने दोन बोटं दाखवली.

लोर्नाने जीभ घोळवली. "यात लसूण आहे."

"नवीन काढलंय," ओपल कशीबशी म्हणाली. "हृदयाला चांगला असतो."

"लागायला किती वेळ?"

"लगेच लागतं, आई," टॅन्सी म्हणाली.

लोर्ना उठली, ओठ पुसले, हॉलमध्ये गेली आणि रॉस्कोच्या काखेतून माईक उपसून घेतला.

"वेंडेल घोरायचा," ती म्हणाली. लोक हसले. "हसू नका. करवत चालल्यासारखा घोरायचा. सगळा जन्म मी त्याला कोपराने ढोसत आले, की बाबा रे, मला जरा झोपू दे."

मग पंपाबद्दल काही बोलावं तसंच, साध्या आवाजात ती पुढे म्हणाली,

"आता घर अगदी शांत आहे. आणि माझा डोळ्याला डोळा लागत नाही."