हिरवळीची व्याख्या

कार्यालयासमोरच्या हिरवळीवरून चालल्याबद्दल एका निवृत्त शिक्षकांना रीतसर नोटीस गेली. त्यांनी उलट टपाली विचारले, हिरवळ म्हणजे नेमके काय, आणि हा शब्द आला कुठून? प्रश्न लेखी आल्यामुळे कार्यालयाचा नाइलाज झाला. समिती नेमली गेली. मी तिचा लिपिक.

पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी आदेश काढला, की व्याख्या ठरेपर्यंत संबंधित जमीन 'जैसे थे' ठेवावी. म्हणजे पाणी बंद.

माळीकाकांनी मला जिन्यातच गाठले. ते गवत त्यांनी अकरा वर्षे पोटच्या पोरासारखे वाढवले होते.

"साहेब, सकाळी दोन बादल्या तरी टाकू द्या."

"टाका की. पण कशावर टाकल्या, ते नोंदवहीत लिहावं लागेल."

"हिरवळीवर!"

"काका, तेच तर ठरायचंय."

त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटले, पण बढतीही तोंडावर आली होती.

मग भाषातज्ज्ञ आले. हा शब्द 'हिरवा'पासून आला, असे त्यांनी दोन मिनिटांत सांगून टाकले. उत्तर इतक्या लवकर मिळाल्याने समितीला संशय आला. सखोल अभ्यासासाठी बैठका जागेवरच घ्यायचे ठरले. रोज गवतावर चौदा खुर्च्या, दोन टेबले आणि चहा मांडला जाऊ लागला. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी खुर्च्यांच्या आड येत होती, म्हणून ती उपटून भिंतीला टेकवली.

तीन महिन्यांनी व्याख्या मंजूर झाली : 'हिरवळ म्हणजे बारमाही हिरवी दिसणारी जमीन.' अध्यक्षांनी खाली पाहिले. खाली माती होती.

"म्हणजे इथे हिरवळ कधी नव्हतीच," ते समाधानाने म्हणाले. शिक्षकांची नोटीस रद्द झाली. नसलेल्या हिरवळीला माळी कशाला, म्हणून माळीकाकांचे पदही रद्द झाले.

"नव्हती कशी? या हातांनी लावलीय मी!" काका माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही तरी बोला."

मी इतिवृत्तात लिहिले, 'कोणाचीही हरकत आली नाही.'

महिन्याभरात तिथे प्लॅस्टिकचे गवत अंथरले गेले. ते व्याख्येत चपखल बसत होते. उद्घाटनाला ही गर्दी! काका फाटकाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "अहो, हे गवत नाही हो."

तुम्हालाही सांगितले त्यांनी. तुम्ही म्हणालात, "जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय."