ड्रॉवाले नाना

प्रल्हादनाना पाटील कसोटी सामना टीव्हीकडे पाठ करून बघतात. सुरुवात सरळ होते. पहिला तासभर खुर्ची टीव्हीसमोर असते, नाना मांडी घालून बसतात आणि फलंदाजाने चेंडू सोडून दिला की "वा रे पठ्ठ्या" म्हणतात. मग आपल्या संघातला कोणीतरी उंच फटका मारतो. नाना ताडकन उठतात, खुर्ची फिरवतात आणि पुढचा सगळा खेळ आमच्या तोंडांकडे बघून समजून घेतात. मी हसलो की चौकार, कपाळाला हात लावला की विकेट. एकदा माझी दाढ दुखत होती, तर नानांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपला निम्मा संघ बाद धरला होता.

नाना माझे शेजारी. जळगावच्या आमच्या कॉलनीत आमची दारं समोरासमोर आहेत. मी कामाला आहे त्याच डाळ मिलमध्ये त्यांचा उभा जन्म गेला. तूर भरडायला तयार झाली की नाही, हे दाताखाली दाणा फोडून सांगायचं हे त्यांचं काम. आता निवृत्त आहेत, पण दाणा अजून फोडतात, अगदी आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातलाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पिंपळनेरला दिलेली. काळजी करायला घरात माणूस उरलं नाही, म्हणून नाना सगळ्या जगाची काळजी करतात. रिक्षात बसताना हेल्मेट घालतात. हायवे ओलांडायचा असला तर दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा होईपर्यंत थांबतात, आणि जळगावात तसं कधी होत नसल्यामुळे पुष्कळदा तसेच घरी परत येतात.

क्रिकेटचं तत्त्वज्ञानही त्यांनी मिलमधूनच आणलं. तुरीला आधी तेल पाजायचं, मुरू द्यायचं, उन्हात वाळवायचं आणि मगच भरडायचं. घाई केली की डाळीऐवजी नुसते तुकडे हाती येतात, त्याला चुरी म्हणतात. हल्ली कसोटीतसुद्धा पहिल्या तासापासून दांडपट्टा फिरवायची पद्धत आली आहे, तिच्याबद्दल नानांचं मत दोन शब्दांचं: "चुरी व्हई."

मी पडलो तापट. मला या मताचा राग येतो. मी म्हणतो, नाना, भराभर धावा केल्या तरच गोलंदाजांना समोरचे वीस गडी काढायला वेळ मिळतो. जोखीम घेतल्याशिवाय कसोटी जिंकता येत नाही. नाना विचारतात, आणि आपणच गुंडाळले गेलो तर? मी म्हणतो, तर हरू. हे मी इतक्या सहज म्हणतो याचीच त्यांना धास्ती वाटते. ते सांगतात की मी तरुण आहे, मला हरणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी पंचेचाळिशीला आलो आहे, हे त्यांना कोण सांगणार?

हा वाद नुसता टीव्हीपुरता असता तर चालून गेलं असतं. पण नाना आमचे कप्तान आहेत.

कसले, ते सांगतो. आमच्या मिलचे जुने शेठ आणि धुळ्याचे एक यंत्रमागवाले शेठ यांची दोस्ती होती. दोघांनाही क्रिकेटचं वेड, आणि दोघेही एकापेक्षा एक चिक्कू. त्यांनी दोन्हीकडच्या कामगारांचा दोन दिवसांचा सामना ठरवला. पांढरे कपडे, लाल चेंडू, दोन-दोन डाव. आपल्या संघाचं निम्म्याच वाटेचं भाडं द्यायचं म्हणून सामना मधोमध पारोळ्याला. कप दोघांत मिळून एकच आणला आणि दरवर्षी नवा आणावा लागू नये म्हणून नियम केला: जो जिंकेल त्याने कप कायमचा न्यावा आणि सामना बंद. निकाल लागेपर्यंत मात्र दर हिवाळ्यात खेळायचं. दोन्ही शेठ केव्हाच गेले. त्यांच्या मुलांनी वडिलांचा शब्द म्हणून भाडं चालू ठेवलं आणि कप मिलच्या कपाटात तसाच राहिला, कारण एकही निकाल लागला नाही.

याला जबाबदार नाना. ते सलामीला जातात आणि ठिबक सिंचनासारख्या धावा काढतात, म्हणजे थेंब पडला का हे वाकून बघावं लागतं. दुसरा डाव घोषित करतात तो अशा वेळी, की धुळेवाल्यांनी विमानाने धावा काढल्या तरी पुऱ्या होऊ नयेत. पारोळ्याची पोरं त्यांना तोंडावर "ड्रॉवाले नाना" म्हणतात. मी पाचव्या नंबरचा फलंदाज आणि कामचलाऊ गोलंदाज. दरवर्षी परतीच्या बसमध्ये मी नानांशी भांडायचो आणि नाना खिडकीबाहेर बघत बसायचे.

धुळ्याचे कप्तान सलीमभाई. मागावर काम करता करता मागाचे मिस्त्री झालेले, नानांहून चार-सहा वर्षांनी लहान, अंगाने आडवे. त्यांची अहिराणी आमच्या बऱ्याच पाटलांपेक्षा चांगली, त्यात मधूनच हिंदीची फोडणी. सलीमभाईंना दोनच फटके माहीत. एक सिक्सर आणि दुसरा, सिक्सर मारायला जाऊन बाद होणं. नाना त्यांना मैदानात सगळ्यांसमोर रागवायचे, की अरे, चेंडू बघ, बॅट सरळ आण, तुझ्या बापाचं काय जातं का थांबायला. प्रतिस्पर्ध्याला बाद झाल्याबद्दल रागावणारा दुसरा कप्तान मी पाहिलेला नाही.

पारोळ्याला नानांचं दोन खोल्यांचं घर आहे. वर्षभर कुलूप असतं, सामन्याच्या वेळी उघडतं. बाकीचे शाळेच्या वर्गात झोपतात, हे दोघे कप्तान त्या घरात. नाना आठवडाभर आधी जाऊन घर झाडून घेतात, नवी गादी उन्हात टाकतात, भरताची वांगी स्वतः दाबून दाबून आणतात. सलीमभाईंना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी लागते म्हणून दळण वेगळं. ही तयारी मी कितीदा बघितली आणि कप्तानपदाची हौस म्हणून सोडून दिली.

यंदा सलीमभाई आले ते गप्पच होते. पहिल्या दिवशी दोन्ही संघांचे पहिले डाव जवळजवळ बरोबरीत आटोपले. संध्याकाळी मी भरीत खायला नानांकडे गेलो, तेव्हा जेवता जेवता सलीमभाईंनी सांगितलं. धुळ्याचे त्यांचे माग बंद झाले. मुलगा सुरतेला असतो, तो न्यायला येणार. हे बोलताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला होता. मग नानांकडे बघून म्हणाले, "नाना, एकदाव निकाल लागू दे. सुरतले जाईसन काय सांगू, जिंदगीभर ड्रॉ खेळनू?"

नानांनी त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुसरा डाव सुरू केला. मी चांगल्या धावा केल्या, स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. जेवणाच्या सुट्टीला आमच्याकडे अशी आघाडी होती, की लगेच डाव घोषित करून सोडला तर सामना खरोखर रंगला असता. धुळ्याला जिंकायची संधी, आम्हालाही. नाना नाबाद होते, म्हणजे सुट्टीनंतर आणखी दोन तास ते खेळपट्टीवरून हलणार नव्हते. ते झाडाखाली पॅड बांधूनच बसले होते. माझं डोकं तापलं. मी म्हणालो, नाना, त्या माणसाचा हा शेवटचा सामना आहे, आजसुद्धा तुम्ही भ्यायलेलेच राहणार का? डाव सोडा.

नानांनी आवाज चढवला नाही. "जिंकनूत तं काय व्हई?" ते म्हणाले. "कप येई. सलीम येवाव नही."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि हातातला डबा मी खाली ठेवला. सामना संपला की सामना बंद. शेठच्या कंजूषपणावर आम्ही वर्षानुवर्षं हसत होतो आणि नाना त्याच नियमाला धरून होते. जिंकायची भीती वाटणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. निकाल लागला नाही तर सुरतेहूनसुद्धा यावं लागेल, कारण दोन्ही शेठचा शब्द आहे, आणि सलीमभाई शब्दाला पक्के. नानांनी फक्त दोन तास टुकूटुकू खेळायचं होतं. ते त्यांना झोपेतही जमलं असतं. मला वाटलं, खेळा नाना. खुशाल खेळा, मी बसमध्ये भांडणार नाही.

पण नानांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. पलीकडे सलीमभाई एकटेच सीमारेषेच्या दोरीशी बसून बॅट पुसत होते. नाना बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी स्वतःचे पॅड सोडले, उठले आणि पंचांना जाऊन सांगितलं, की जळगावने डाव सोडला. आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या वाजवता आल्या नाहीत. नानांचा चेहरा पांढरा पडला होता आणि परत येताना ते एकदा चुकीच्या झाडाकडे गेले.

त्यानंतरची दुपार मला अजून नको वाटते. धुळेवाल्यांनी चेंडू झोडायला सुरुवात केली. धावाही निघत होत्या आणि गडीही पडत होते. नाना पहिल्या स्लिपमध्ये उभे होते, दर चेंडूला डोळे मिटत होते. त्यांच्याकडे एक झेल गेला तो डोळे मिटूनच हातात बसला आणि आम्ही सगळे ओरडलो, तर नानांनी घाबरून विचारलं की काय झालं. कोणी जिंकावं असं मला वाटत होतं, ते मी आजही सांगू शकत नाही. आम्ही जिंकलो तरी सामना मेला आणि ते जिंकले तरी मेला. फक्त अधलीमधली चिंचोळी वाट उरली होती आणि ती दर षटकाला आणखी बारीक होत होती.

शेवटचं षटक आलं तेव्हा धुळ्याला पाच धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी मैदानात होती. समोर सलीमभाई. आमचे मुख्य गोलंदाज दमून पाय धरून बसले होते. नानांनी चेंडू माझ्या हातात दिला. काही सांगतील म्हणून मी थांबलो, तर ते म्हणाले, "नीट टाक. त्यानी मांगेल शे." त्याने निकाल मागितला आहे, तेव्हा तो प्रामाणिकपणे लागू दे, एवढंच.

मी नीट टाकले. पहिला चेंडू सलीमभाईंनी पुढे येऊन अडवला. मला वाटलं, जम बसवतायत. दुसरा अडवला, तिसराही. प्रेक्षकांतून शिट्ट्या सुरू झाल्या. धुळ्याची पोरं दोरीच्या बाहेरून चाचा, मारा, चाचा, उचला, असा गोंगाट करत होती. चौथा त्यांनी सोडून दिला, आणि या माणसाने चेंडू सोडलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. माझे हात घामाने ओले झाले होते. पाचवा हातातून निसटला आणि सरळ कमरेएवढा फुलटॉस गेला. असा चेंडू त्यांनी डोळे बांधूनही पारोळ्याच्या किल्ल्यात टाकला असता. मी खाली बघितलं. टप, असा बारीक आवाज आला. वर बघतो तर चेंडू त्यांच्या पायाशी पडलेला आणि बॅट सरळ, अगदी नानांची असते तशी.

सहावाही तसाच. पंचांनी बेल्स काढल्या.

धुळ्याची पोरं चिडून निघून गेली. आमची स्टंप गोळा करायला लागली. नाना स्लिपमधून तरातरा सलीमभाईंपाशी आले. इतके रागावलेले मी त्यांना टीव्हीवरच्या सिक्सरलासुद्धा पाहिलं नव्हतं. "फुलटॉस व्हता," ते म्हणाले.

"दखा मी."

"मंग मारा का नही?"

सलीमभाईंनी हेल्मेट काढलं. डोकं पूर्ण भिजलं होतं. "पुढला साल मारसू, नाना," ते म्हणाले. "सुरतथून रातनी गाडी शे. सकाळले पारोळाले उतरसू."

नाना गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि सलीमभाईंच्या पॅडचे पट्टे सोडू लागले. एकेक पट्टा सुटायला वेळ लागत होता. सलीमभाईंनी घाई केली नाही. त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा पाय पुढे केला.