टनभर मिरी

पोलादपूरचे निवृत्त पोस्टमन दत्ताराम चहा पिता पिता एकदम थांबत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काळ्या मिरीच्या राशी असत. मिरी त्यांची होती आणि नव्हतीही. महाडला शेअर-वायद्याचं ऑफिस चालवणाऱ्या मुदस्सरने त्यांना समजावलं होतं, "काका, भाव आज ठरवायचा, माल महिन्याने. तोवर थोडी रक्कम ठेवायची, ते मार्जिन. मुदतीआधी सौदा कापायचा, म्हणजे परत विकून मोकळं व्हायचं, आणि नफा घ्यायचा. मिरी बघायचीसुद्धा नाही." दत्तारामांनी एक लॉट, म्हणजे टनभर मिरी घेतली. बायकोला, रंगूबाईंना, यातलं अक्षर सांगितलं नाही.

मुदत संपायच्या दिवशीच त्यांच्या लेकीला, अंकिताला, कळा सुरू झाल्या. दत्ताराम तिला जीपने महाडच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि त्या गडबडीत मिरी विसरले. रंगूबाई दुपटी बांधत होत्या, एवढ्यात फोन वाजला.

"काकू, महाडहून बोलतोय. आज शेवटची तारीख. कापायचं, की डिलिव्हरी घ्यायची?"

रंगूबाईंनी दुपटी बाजूला ठेवली. "कापू नको रे बाबा. डिलिव्हरीच घ्या."

"काका तर कापायचं म्हणत होते."

"त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"पूर्ण रक्कम भरावी लागेल."

"भरू. पण कापायचं नाय."

त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा नात झालेली होती, अगदी सुखरूप. "डॉक्टर कापायला निघालेले, मी फोनवर नाय म्हटलं," त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"आम्ही फोन केलाच नाही," नर्स म्हणाली.

दत्ताराम उठले आणि चपला न घालताच मुदस्सरकडे धावले. बाजार बंद झाला होता.

"आता मिरी खरोखर तुमची, काका," मुदस्सर म्हणाला. "कोचीच्या गोदामात आहे."

पोस्टातली ठेव मोडावी लागली, तेव्हा दत्तारामांनी घरी सगळं कबूल केलं. रंगूबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजे ती खरीखुरी हाय?"

दीड महिन्याने भाव चढला. दत्तारामांना एकदाचं सुटायचं होतं. रंगूबाई नातीला तेल लावत होत्या. मधेच त्यांचा हात थांबला.

"उद्या विकून टाकतो गो," दत्ताराम म्हणाले.

"आठ दिस राहू द्या," त्या भिंतीकडे बघत हळूच म्हणाल्या. "रोज मनानं कोचीला जाते, पण मी अजून गोदामाचं दार पण उघडलं नाय."